‘डॉक्टर, कोणती प्रोटीन पावडर चांगली?’ हा प्रश्न आधी कंपनीला विचारा

कर्जत स्टेशनला लागून असलेल्या भिसेगावात आणि आजूबाजूला, म्हणजे गुंडगे, दहिवली, मुद्रे, चारफाटा या भागात, गेल्या काही वर्षांत जिम वाढल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. लोकलला लटकून ठाण्या-मुंबईपर्यंत नोकरीला जाणारा मुलगा रात्री परत येऊन तासभर व्यायाम करतो, याचं डॉक्टर म्हणून मला कौतुक वाटतं. पण जिमच्या मागोमाग डबे आले. दोन किलोचा काळा डबा, त्यावर चकचकीत अक्षरं आणि किंमत एवढी की पगारातला मोठा लचका तोडला जावा. आता ओपीडीत व्यायाम करणारी मुलं तर विचारतातच, पण गरोदर सुनेला घेऊन आलेल्या सासूबाई, टीबीच्या पेशंटचा भाऊ आणि ऐंशी वर्षांच्या वडिलांना आणणारा मुलगाही तेच विचारतात: "डॉक्टर, कोणत्या कंपनीची पावडर चांगली?"

मी कंपनीचं नाव सांगत नाही. काही जणांना त्याचा राग येतो, आणि "मग डॉक्टर कशाला झालात?" असंही ऐकून घ्यावं लागतं. म्हणून आज सविस्तर लिहितो. मी नाव सांगत नाही, कारण तुमच्या हातातल्या त्या एका डब्यात काय आहे हे मला कळायला मार्गच ठेवलेला नाही. तुम्हालाही नाही. मेडिकलवाल्याला नाही, आणि जिमच्या ट्रेनरला तर नाहीच नाही. ज्याला माहीत असायला हवं, ती कंपनी. तिला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरिॲक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ३६ पैकी २५ डब्यांत, म्हणजे जवळपास ७० टक्के डब्यांत, लेबलवर लिहिलेलं प्रोटीन आणि आत सापडलेलं प्रोटीन जुळलं नाही. काहींत तर लिहिलं होतं त्याच्या निम्मंच निघालं. साधारण १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं. हे बुरशीचं विष आहे. खवट, काळपट शेंगदाणा आपण थुंकून टाकतो ना, तशा बुरशी लागलेल्या दाण्यात ते असतं, आणि दीर्घकाळ पोटात गेलं तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढवतं. ८ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश होते. ३६ डबे म्हणजे सगळा बाजार नव्हे, हे मला मान्य आहे. पण ही तपासणी डॉक्टरांच्या एका छोट्या गटाला करावी लागली, यातच आपल्या व्यवस्थेबद्दल बरंच काही आलं.

परदेशी माल घेतला म्हणजे सुटलो, असं समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २३ पावडरी आणि तयार शेक तपासले. दोन तृतीयांशांहून अधिक उत्पादनांत एका वेळच्या मापातच शिसं इतकं होतं की त्या संस्थेने दिवसभरासाठी धरलेली मर्यादा ओलांडली जात होती. संस्थेची मर्यादा कडक आहे, त्यामुळे एक स्कूप घेतला की विषबाधा असा त्याचा अर्थ नाही. पण शिसं शरीरात, विशेषतः हाडांत, साठत जातं आणि पावडर लोक रोज घेतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘नैसर्गिक’, ‘प्लांट बेस्ड’ म्हणून जास्त पैसे घेणाऱ्या पावडरींत शिशाचं सरासरी प्रमाण दुधापासून केलेल्या पावडरींच्या नऊपट होतं. वाटाण्याचं रोप जमिनीतलं शिसंही ओढून घेतं, त्याला ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचता येत नाही.

आता लेबलवरचा आकडा खोटा कसा ठरतो ते सांगतो, म्हणजे डबा हातात घेतल्यावर तुमची नजर योग्य जागी जाईल. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. दुधात युरिया का घालतात हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. नायट्रोजन असलेला कुठलाही स्वस्त पदार्थ मिसळा, यंत्र त्याला प्रोटीन म्हणून मोजेल. ग्लायसिन, टॉरिन ही त्यातली लाडकी नावं. एक ग्रॅम ग्लायसिन या हिशेबात एक ग्रॅमपेक्षा जास्त ‘प्रोटीन’ म्हणून भरतं, पण स्नायू बांधायला लागणारी बाकीची अमिनो आम्लं त्यात नसतात. चीनमध्ये २००८ साली याच युक्तीने दुधात मेलामाइन घातलं गेलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. आपल्याकडच्या पावडरीत मेलामाइन आहे असं मी म्हणत नाही. नायट्रोजन मोजून प्रोटीन ठरवण्यातली पळवाट सगळ्या जगाला इतकी वर्षं माहीत आहे, एवढंच दाखवतो आहे.

"पण डॉक्टर, डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे की!" आहे ना. चौदा आकडी नंबर असतोच, असायलाच हवा. पण तो नंबर त्या धंद्याच्या परवान्याचा आहे. अमुक कंपनीला अन्नपदार्थ बनवायची किंवा विकायची परवानगी आहे, एवढंच तो सांगतो. तुमच्या हातातला डबा, त्याचा बॅच, कोणी सरकारी माणसाने उघडून तपासला असा त्याचा अर्थ होत नाही. रिक्षाला परमिट आहे म्हणून ब्रेक चालू असतीलच असं नाही, तसंच हे. कायद्याने पावडर हे औषध नसून अन्न आहे, आणि अन्नाचे नमुने अधूनमधून, जमेल तसे घेतले जातात. सापडलंच काही, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात चुकीच्या लेबलसाठी जास्तीत जास्त दंड ३ लाख रुपये आणि निकृष्ट मालासाठी ५ लाख. डब्यामागे हजारो रुपये घेणाऱ्या धंद्याला ३ लाखांचं भय किती वाटत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

इथपर्यंत जिमवाल्यांना वाईट वाटलं असेल. पण माझा खरा राग दुसऱ्या डब्यावर आहे, आणि त्यात माझ्याच व्यवसायातली माणसं आहेत.

हा डबा मेडिकलच्या काचेमागे मिळतो. २०० किंवा ४०० ग्रॅमचा, व्हॅनिला नाहीतर चॉकलेट, चित्रात हसरी आई. तो आपण डॉक्टर लोक कागदावर लिहून देतो. बाई गरोदर आहे, लिहा. ऑपरेशन झालं, लिहा. ताप येऊन गेला, "अशक्तपणा वाटतो" म्हणते, लिहा. याच डब्यांवर कायद्यानेच ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापावी लागते, पण ती इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. पेशंटला दिसतं ते डॉक्टरचं अक्षर. डॉक्टरने लिहिलं म्हणजे ते औषधच झालं. मग वाडीवरून आलेला मजूर, दोन दिवसांची मजुरी मोडून, तो डबा घेतो आणि घरी अंडी आणायची राहून जातात.

हिशेब मांडू. समजा २०० ग्रॅमचा डबा ३५० रुपयांना आहे आणि १०० ग्रॅममागे ३२ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. या जातीच्या बऱ्याच डब्यांवर तीसच्या आसपासचाच आकडा असतो, बाकी साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, रंग आणि वास. म्हणजे पूर्ण डब्यात ६४ ग्रॅम प्रोटीन झालं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, म्हणजे अकरा अंडी. अंडं आठ रुपयांना धरलं तरी अठ्ठ्याऐंशी रुपये. उरलेले अडीचशेहून जास्त रुपये तुम्ही चित्रातल्या हसऱ्या आईला दिले. आणि "रोज दोन चमचे दुधात" घातले की त्या दोन चमच्यांतून मिळतं सहा-सात ग्रॅम, म्हणजे एक अंडं. ज्या कपभर दुधात ती पावडर ढवळली, त्या दुधात आधीच आठ ग्रॅम होतं!

तान्ह्या बाळांच्या डब्याबद्दल आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे. त्याची जाहिरात करायची नाही, आरोग्य कर्मचाऱ्याला त्यावर कमिशन द्यायचं नाही. बाळाच्या बाबतीत जो धोका संसदेने ओळखला, तोच आईच्या डब्याला लागू आहे. तिच्यासाठी तसा कायदा नाही. मोठ्या मुलांच्या चॉकलेटी पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं सरकारने ऑनलाइन दुकानांना एप्रिल २०२४ मध्ये बजावलं, कारण अन्न कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. तोपर्यंत कित्येक पिढ्या ते पिऊन मोठ्या झाल्या होत्या.

टीबीच्या पेशंटला तरी पावडर हवीच ना, असं मला सुशिक्षित माणसंही विचारतात. टीबीत पोषण हवंच, त्याशिवाय औषधही धड काम करत नाही. पण ते कशातून द्यायचं? झारखंडमध्ये ‘रेशन्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. टीबी पेशंटच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ असा शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांतल्या माणसांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी. पेशंटना तांदूळ-डाळीबरोबर दूध पावडर आणि तेलही होतं, पण ही साधी दूध पावडर, वर पहिलवानाचं चित्र नसलेली. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या पेशंटला आता महिन्याला १००० रुपये मिळतात. कृपा करून त्यातून डबा आणू नका.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण त्याच संस्थेने हेही सांगितलंय की आपल्या ताटात धान्याचा वाटा फार मोठा आणि डाळी-अंडी-मांस-मासे यांचा फार कमी आहे. म्हणजे प्रोटीन कमी पडतं ही तक्रार अगदीच खोटी नाही. दुखणं खरं आहे, फक्त त्यावरचं औषध भलत्याच दुकानात विकलं जातंय.

प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम. जोरदार वजनं उचलणाऱ्याला फायदा साधारण १.६ ग्रॅमपर्यंत होतो, म्हणजे साठ किलोला ९६. त्यावर घेतलेलं स्नायूत जात नाही. आता भिसेगावातल्या एका साध्या घरातलं ताट धरू. दिवसभरातला भात-भाकरी-पोळी मिळून ३०० ग्रॅम धान्य: २४ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण किंवा वालाचं बिरडं, कच्चं ६० ग्रॅम धरून: १३ ग्रॅम. अर्धा लिटर दूध-दही: १६ ग्रॅम. तीन अंडी: १८ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे: ७ ग्रॅम. झाले ७८. ज्या दिवशी घरात चिकन किंवा मासळी, त्या दिवशी आणखी वीस. नसेल तर ४० ग्रॅम सोयाबीन वडी भाजीत टाका, वीस ग्रॅम तिथेही आहेत. ९८ झाले, तेही खांद्याला खांदा लावून कंपनीशी भांडण न करता. शाकाहारी माणसाने अंड्यांच्या जागी पनीर, चणे, मूग वाढवावेत. थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं, पण जमतं.

आणि आपल्या भागाला तर हे शिकवायचीही गरज नव्हती. भात कापल्यावर शेतात जो ओलावा उरतो त्यावर वाल घ्यायचा, थंडीत त्याच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून वर भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी करायची. पहिलवानाच्या खुराकात याहून वेगळं काय असतं? सुका जवळा आणि बोंबील तर १०० ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतात, पुष्कळ ‘मास गेनर’ डब्यांच्या दुप्पट-तिप्पट. फक्त त्यात मीठ भरपूर असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी धुऊन, भिजवून, बेताने. आता आपण पोपटी फार्महाउसवर आलेल्या मुंबईकर पाहुण्यांना पैसे घेऊन खाऊ घालतो आणि त्या पैशातून स्वतः पावडर आणतो. चालायचंच!

मग सगळेच डबे वाईट का? असं मी म्हणत नाही. व्हे हे चीज करताना उरणाऱ्या निवळीतलं चांगलं प्रोटीन आहे. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलंय, तोंडाला चव नाही, दोन घासांवर जेवण अडतं. कॅन्सरचे उपचार चालू आहेत. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालंय. अशा वेळी आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने पावडर उपयोगी पडते. रात्रपाळी करून व्यायाम करणाऱ्या एखाद्याला सोयीची वाटली तर तीही समजू शकतो. पण ती सोय म्हणून घ्यावी, आणि विश्वास मागणाऱ्याकडून पुरावा मागून घ्यावी.

तर घेणारच असाल तर डबा उलटा करा. पुढची बाजू जाहिरात असते, माहिती मागे असते. ‘एका स्कूपमध्ये’ हा आकडा सोडून ‘१०० ग्रॅममध्ये’ प्रोटीन किती ते वाचा. व्हे कॉन्सन्ट्रेट असेल तर सत्तर-ऐंशी, आयसोलेट असेल तर नव्वदच्या आसपास हवं. वीस-पंचवीस असेल तर तुम्ही पिठीसाखर घेताय. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन, ग्लुटामिन वेगळे टाकलेले दिसले की सावध व्हा. ल्युसिनचा आकडा बघा, २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमागे तो अडीच ग्रॅमच्या आसपास असतो. ‘ब्लेंड’ असं लिहून कशाचं किती ते लपवलं असेल तर डबा खाली ठेवा. ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया, अश्वगंधा अशी वनस्पतींची भर असेल तरीही खाली ठेवा. या तिन्हींमुळे लिव्हरला इजा झाल्याचे पेशंट वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत, आणि व्यायामाशी त्यांचा काही संबंध नाही. आयात मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक हवाच, नुसतं होलोग्रामचं स्टिकर काय, ते कुठेही छापून मिळतं.

‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असा शिक्का असेल तर त्याला किंमत आहे, कारण या संस्था खेळाडूंसाठी बंदी असलेल्या द्रव्यांची तपासणी करतात. पण शिक्क्याच्या चित्रावर थांबू नका, त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन ते उत्पादन यादीत आहे का ते पाहा, आणि जिथे बॅच नंबर दिलेले असतात तिथे तुमच्या डब्याचा बॅच ताडून पाहा. आपल्याकडच्या कबड्डीच्या पोरांनी तर हे पाहिल्याशिवाय काहीही तोंडात घालू नये. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून ६३४ पूरक पदार्थ गोळा करून तपासले होते, त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडच्या जातीची द्रव्यं सापडली. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तेजक चाचणीत चालत नाही. आणि ट्रेनरच्या बॅगेतून पावडरीबरोबर इंजेक्शन निघालं, तर जिम बदला. पुण्यात पोलिसांनी मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं जिममधल्या मुलांना विकणाऱ्यांना पकडलं आहे. ते ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिल्यावर पडलेलं बीपी वर आणायचं औषध आहे!

किडनीचा आजार असेल, डायबेटीस-बीपी जुना असेल, किडनी स्टोन वारंवार होत असेल, तर आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा, मग बोला. निरोगी किडनी थोड्या जास्त प्रोटीनने बिघडते असा पुरावा नाही. पण आपली किडनी निरोगी आहे हे बहुतेकांनी गृहीतच धरलेलं असतं, तपासलेलं नसतं. क्रिएटिन घेत असाल तर रक्तात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, त्यामुळे तपासणीच्या वेळी डॉक्टरला तसं सांगा, नाहीतर उगाच घाबरवले जाल. आणि शाळेतल्या मुलाला जिमचा डबा देऊ नका.

बॅचचा तपासणी अहवाल कंपनीकडे ईमेलने मागा. त्यात प्रोटीन, अमिनो आम्लांची यादी, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, अफ्लाटॉक्सिन आणि प्रयोगशाळेचं एनएबीएल मानांकन हवं. ज्या कंपनीला आपल्या मालाची खात्री आहे, तिला हा कागद पाठवायला एक दिवस पुरतो. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा "आमचं उत्पादन सर्वोत्तम आहे" एवढंच आलं, तर तेच उत्तर समजा. माझं म्हणणं तर असं आहे की हे अहवाल डब्यावरच्या कोडमधून प्रत्येकाला दिसायला हवेत, आणि अन्न व औषध प्रशासनाने घेतलेल्या नमुन्यांचे निकाल नावानिशी जाहीर व्हायला हवेत. तोवर मी कुणाचं नाव कागदावर लिहिणार नाही, आणि तुमच्या डॉक्टरने लिहिलं तर त्यांनाही हाच अहवाल मागा.

एक हक्क बहुतेकांना माहीत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे विकत घेणाऱ्यालाही शुल्क भरून पदार्थाची सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. दोष सापडला तर शुल्क परत मिळतं. अट एकच, की तपासायला देणार आहे हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगायचं. तेवढं सांगितल्यावर दुकानदाराचा चेहरा कसा होतो, हीसुद्धा एक तपासणीच आहे. रायगड जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय पेणला आहे, त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पावडर घेतल्यावर डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, छाती धडधडली तर आधी पावडर बंद करून दवाखान्यात या, आणि येताना डबा, उरलेली पावडर आणि बिल सोबत आणा. बिल नसेल, "जिमच्या सरांनी दिली" असं असेल, तर पुढे तक्रार कुणाविरुद्ध करायची हाच प्रश्न उरतो.